मोटारींच्या शर्यती आणि प्रेक्षकांचें मन

मनुष्य शर्यत कशासाठीं पाहतो? ह्या प्रश्नाचें सोपें उत्तर असें कीं, कोण जिंकतो हें पाहण्यासाठीं. घोड्यांच्या शर्यतीला, नौकांच्या शर्यतीला, किंवा शाळेच्या पटांगणावरील मुलांच्या शर्यतीला एवढें उत्तर पुरतें. अमेरिकेंत मात्र शर्यतीचा एक प्रकार असा आहे कीं, त्याच्या प्रेक्षकांवर एक निराळाच आरोप वारंवार केला जातो. हे लोक विजय पाहावयास जात नाहींत, अपघात पाहावयास जातात, असें टीकाकार म्हणतात. हा प्रकार म्हणजे ‘स्टॉक कार रेसिंग’. ह्या आरोपांत तथ्य किती, आणि त्या प्रेक्षकाच्या जिवाची काळजी वाहण्याची जबाबदारी कोणाची, ह्या दोन प्रश्नांचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. दुकानदाराजवळ विक्रीसाठीं जो माल पडलेला असतो, त्यास इंग्रजींत ‘स्टॉक’ म्हणतात. दुकानांतून कोणीहि विकत घ्यावी अशी साधी मोटार घेऊन लावलेली शर्यत, ती स्टॉक कारची शर्यत. ह्या खेळाचें एक मूळ अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ प्रांतांत सांपडतें. १९२० पासून १९३३ पर्यंत त्या देशांत दारूबंदी होती. डोंगरांत चोरून गाळलेली दारू रातोरात शहरांत पोंचविण्यासाठीं कांहीं तरुणांनीं वरून साध्या दिसणाऱ्या मोटारींचीं इंजिनें आंतून जबरदस्त करून घेतलीं होतीं. दारूबंदी उठल्यावरहि कर चुकविण्यासाठीं हा धंदा चालूच राहिला. पोलिसांना चुकविणारे हे चालक सुटीच्या दिवशीं शेतांत आखलेल्या मातीच्या वाटोळ्या मार्गावर एकमेकांशीं शर्यत लावीत, आणि भोंवतालचे लोक ती पाहावयास जमत. १९४७ च्या डिसेंबरांत फ्लॉरिडा संस्थानांतील डेटोना बीच ह्या गांवीं बिल फ्रान्स नांवाच्या गृहस्थानें ह्या विखुरलेल्या मंडळींना एकत्र बोलाविलें, आणि १९४८ सालीं ‘नॅसकार’ ही संस्था रीतसर स्थापन झाली. तिच्या मुख्य मालिकेंतील पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथें झाली. मौज अशी कीं, जो चालक प्रथम आला, त्याच्या गाडीच्या मागील स्प्रिंगा नियमाबाहेर बदललेल्या आढळल्या, व दुसऱ्या क्रमांकाच्या चालकास विजयी ठरवावें लागलें. गाडी खरोखर ‘दुकानांतली’ आहे कीं नाहीं, हा वाद असा पहिल्या दिवसापासून चालू आहे. आजची शर्यतीची गाडी तर केवळ चेहऱ्यानें विक्रीच्या मोटारीसारखी दिसते. आंतील सर्व रचना स्वतंत्र असते.

आतां ज्या मार्गावर ही शर्यत होते तो पाहूं. डेटोना येथील मोठा मार्ग १९५९ सालीं खुला झाला. त्याचा घेर अडीच मैलांचा, म्हणजे सुमारें ४ किलोमीटरांचा आहे. वळणावर गाडी बाहेर फेंकली जाऊं नये म्हणून तेथील जमीन ३१ अंशांनीं तिरपी केलेली आहे. अलाबामा संस्थानांतील टॅलाडेगाचा मार्ग १९६९ सालचा. त्याचा घेर २·६६ मैल, आणि वळणांचा उतार ३३ अंश. उतार इतका मोठा कीं, चालकास वळणावरहि वेग फारसा कमी करावा लागत नाहीं. १९८७ सालीं ह्याच मार्गावर बिल एलियट ह्या चालकानें ताशीं २१२·८०९ मैलांच्या सरासरी वेगानें फेरी पुरी केली.

हा आंकडा कानाला नुसता मोठा वाटतो. त्याचा अर्थ गणितानें समजून घ्यावा. ताशीं २०० मैल म्हणजे ताशीं सुमारें ३२० किलोमीटर. एका सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर जाते. शाळेंत आपण शिकलों आहों कीं, चालत्या वस्तूची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला, तर शक्ति चौपट. तिप्पट झाला, तर नऊपट. रस्त्यावरून ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या मोटारीशीं तुलना केली, तर तितक्याच वजनाच्या ह्या गाडीच्या अंगीं सुमारें दसपट शक्ति असते, आणि हिचें वजन तर दीड टनाच्या आसपास भरतें. गाडी थांबते तेव्हां ही शक्ति कोठें तरी जिरली पाहिजे. ती ब्रेकांत जिरली नाहीं, तर भिंतींत जिरेल. भिंतींत नाहीं, तर जाळींत. आणि जाळींतहि जिरली नाहीं, तर जाळीच्या पलीकडे बसलेल्या माणसांत.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. समोरून येणारा वारा चालत्या मोटारीला जमिनीवर दाबून धरील, अशी तिची घडण असते. परंतु गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाची झाली, म्हणजे तोच वारा तिला विमानाच्या पंखाप्रमाणें वर उचलतो. ३ मे १९८७ रोजीं टॅलाडेगा येथें बॉबी ॲलिसन ह्या नामांकित चालकाच्या गाडीचा टायर फुटला, गाडी उलटी फिरली, हवेंत उडाली आणि प्रेक्षकांच्या पुढील तारेच्या जाळीवर जाऊन आदळली. शंभर फुटांच्या आसपास जाळी फाटली. कित्येक प्रेक्षक जखमी झाले, आणि शर्यत अडीच तासांहून अधिक वेळ थांबली. गाडी आणखी थोडी वर गेली असती, तर काय झालें असतें, ह्याची कल्पना करवत नाहीं. शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर ती जिंकली कोणीं? बॉबीच्या मुलानें, डेव्ही ॲलिसननें.

ह्या प्रसंगानंतर संस्थेनें वेग आवरण्याचा निश्चय केला. १९८८ पासून डेटोना व टॅलाडेगा येथें इंजिनांत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर लहान भोंकांची एक तबकडी बसविणें सक्तीचें झालें. हवा कमी, म्हणून शक्ति कमी, म्हणून वेग कमी. २०१९ सालीं ह्या तबकडीची जागा दुसऱ्या एका साधनानें घेतली, पण हेतु तोच आहे. पुढें १९९४ पासून गाडीच्या छपरावर झडपा बसविण्यांत आल्या. गाडी उलटी फिरतांच त्या आपोआप उघडतात व तिला उचलणारा वारा मोडून काढतात. उपाय उत्तम होते. परंतु तबकडीचा एक परिणाम विपरीत झाला. सर्वांचा वेग सारखा झाल्यामुळें कोणीच कोणापासून दूर जाईना. वीस-वीस, तीस-तीस गाड्यांचा घोळका एकमेकींना जवळजवळ चिकटून फिरूं लागला, आणि एकाची चूक झाली कीं, मागच्या दहा-पंधरा गाड्या एकमेकींवर आदळूं लागल्या. अशा मोठ्या टकरीला प्रेक्षकांनीं व वृत्तपत्रांनीं एक खास नांवहि दिलें आहे: ‘द बिग वन’. ज्या अपघाताला नांव पडलें, त्याची वाट पाहिली जाते, असें टीकाकार म्हणूं लागले, तर त्यांत नवल नाहीं.

आतां चालकांच्या सुरक्षिततेकडे वळूं. मे २००० पासून फेब्रुवारी २००१ पर्यंतच्या अवघ्या दहा महिन्यांत ॲडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर आणि डेल अर्नहार्ट असे चार चालक मृत्यु पावले. अर्नहार्ट हा सात वेळां अजिंक्यपद मिळविलेला, काळ्या रंगाच्या तीन नंबरच्या गाडीचा चालक. तो १८ फेब्रुवारी २००१ रोजीं डेटोनाच्या मुख्य शर्यतीच्या शेवटच्या फेरींत, लाखों लोकांच्या डोळ्यांदेखत, भिंतीवर आदळून गेला. गाडी एकदम थांबते, पट्ट्यांनीं बांधलेलें धड थांबतें, परंतु डोकें पुढें जातच राहतें, आणि कवटीच्या तळाशीं इजा होते. हें टाळणारें साधन रॉबर्ट हबर्ड नांवाच्या मिशिगनमधील प्राध्यापकानें पूर्वींच शोधून काढलेलें होतें. खांद्यांवर बसणारी ती एक कमान असून शिरस्त्राण तिला पट्ट्यांनीं जोडलेलें असतें. परंतु अवघडल्यासारखें होतें म्हणून अनेक चालक ती वापरीत नसत. २००१ च्या ऑक्टोबरांत मान सांवरणारें असें साधन सक्तीचें झालें. नेब्रास्का विद्यापीठांतील इंजिनिअरांनीं पोलादी नळ्या व त्यांच्यामागें फेसाळ पदार्थाचे ठोकळे अशी ‘मऊ भिंत’ तयार केली. ती २००२ सालीं इंडियानापोलिस येथें प्रथम उभी राहिली, व नंतर सर्वत्र पसरली. फळ असें कीं, संस्थेच्या तीन मुख्य राष्ट्रीय मालिकांत २००१ नंतर शर्यतींत चालक दगावल्याची नोंद नाहीं. एवढ्या वेगाच्या खेळांत ही थोर कामगिरी म्हटली पाहिजे.

परंतु, श्रोतेहो, येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. एप्रिल २००९ मध्यें टॅलाडेगा येथें शेवटच्या फेरींत कार्ल एडवर्ड्स ह्याची गाडी उडून जाळीवर आपटली. एडवर्ड्स गाडींतून बाहेर पडला आणि पायीं धांवत जाऊन त्यानें अंतिम रेषा ओलांडली. त्याला कांहीं झालें नाहीं. जखमी झाले ते प्रेक्षक. २३ फेब्रुवारी २०१३ रोजीं डेटोना येथें, मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशींच्या शर्यतींत, काइल लार्सन ह्या तरुण चालकाची गाडी अंतिम रेषेजवळ जाळींत घुसली. गाडीचा पुढचा भाग तुटला. जाळींत ये-जा करण्यासाठीं एक दार ठेवलेलें होतें. तेथें इंजिन अडकून राहिलें, आणि एक चाक उडून थेट प्रेक्षकांत पडलें. लार्सन आपल्या पायांनीं चालत बाहेर आला. प्रेक्षकांपैकीं पंचवीसहून अधिक लोक जखमी झाले, व त्यांतील कांहींची अवस्था गंभीर होती.

म्हणजे चालकाजवळ पट्टे आहेत, शिरस्त्राण आहे, मानेची कमान आहे, मऊ भिंत आहे. प्रेक्षकाजवळ दोनच गोष्टी आहेत: तारेची जाळी आणि अंतर. जाळीचें काम गाडीसारखी मोठी वस्तु अडविण्याचें; लहान तुकडे तिच्या भोंकांतून पार जातात. जाळीच्या वरून जाणाऱ्या चाकाला तर ती अडवूंच शकत नाहीं. दुसऱ्या एका जातीच्या मोटारींच्या शर्यतींत, १९९८ सालीं मिशिगन येथें आणि १९९९ सालीं शार्लट येथें, सुटलेलीं चाकें प्रेक्षकांत पडून प्रत्येक वेळीं तीन माणसें मरण पावलीं. त्यानंतर चाकें मजबूत दोरांनीं गाडीस बांधून ठेवण्याची पद्धत आली. युरोपांत फ्रान्समधील ले मां येथें ११ जून १९५५ रोजीं एक गाडी प्रेक्षकांत शिरून ऐंशीहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. तेव्हां स्वित्झर्लंडनें अशा शर्यतींवर बंदीच घातली.

अर्थशास्त्रज्ञांनींहि ह्या खेळाकडे लक्ष दिलें आहे. सुरक्षिततेचीं साधनें वाढलीं कीं, माणूस अधिक बेदरकार होतो, असा सिद्धान्त सॅम पेल्ट्झमन ह्यांनीं १९७५ सालीं मांडला. रसेल सोबेल व टॉड नेस्बिट ह्या दोघांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हा सिद्धान्त नॅसकारच्या शर्यतींना लावून पाहिला, आणि गाड्या अधिक सुरक्षित झाल्या तसे चालक अधिक धोका पत्करूं लागले, असा निष्कर्ष काढला. तो मान्य केला, तर एक गंभीर गोष्ट दिसून येते. चालकाच्या संरक्षणाची किंमत, थोड्या अंशानें कां होईना, जाळीपलीकडच्या माणसाला द्यावी लागण्याचा संभव आहे. म्हणून चालक सुरक्षित झाला म्हणजे खेळ सुरक्षित झाला, असें समजणें चुकीचें होय.

मग हे लोक येतात कां? आरोप असा कीं, रक्त पाहण्यासाठीं. मला हा आरोप सरसकट मान्य नाहीं. अमेरिकेंतील जत्रांत ‘डिमोलिशन डर्बी’ नांवाचा खेळ होतो. त्यांत जुन्या मोटारी एकमेकींवर मुद्दाम आदळवितात, आणि जी शेवटपर्यंत चालती राहील ती जिंकते. केवळ टक्कर हवी असणाऱ्यास तेथें पोटभर टकरी मिळतात. तरीहि मोठा समुदाय तिकडे न जातां डेटोनाला जातो, आपल्या आवडत्या चालकाच्या क्रमांकाची टोपी घालतो, कानाला यंत्र लावून त्याचें व त्याच्या साथीदारांचें संभाषण ऐकतो, आणि मुलाबाळांसह तंबूंत चार दिवस राहतो. डॅनिएल वॅन ह्या मानसशास्त्रज्ञानें १९९५ सालीं क्रीडाप्रेमाच्या आठ प्रेरणा मांडल्या. सुखद उत्तेजना, स्वाभिमान, नित्याच्या काळज्यांतून सुटका, करमणूक, पैज, सौंदर्यदृष्टि, समूहाची ओढ आणि कुटुंबाचा सहवास, अशा त्या आहेत. दुसऱ्याचें दुःख पाहण्याची हौस त्यांत कोठेंच नाहीं.

पण अपघाताचें आकर्षण मुळींच नाहीं, असें म्हणणेंहि प्रामाणिकपणाचें नव्हे. १९७९ सालची डेटोनाची शर्यत अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर प्रथमच आरंभापासून शेवटपर्यंत दाखविली गेली. पूर्व किनाऱ्यावर बर्फाचें वादळ होतें, व लोक घरींच अडकलेले होते. शेवटच्या फेरींत पुढचे दोन्ही चालक एकमेकांवर आदळले, गाड्यांतून उतरून मैदानांतच हातघाईवर आले, आणि मागून येणारा रिचर्ड पेटी जिंकला. त्या दिवशीं ह्या खेळाला सबंध देशांत प्रेक्षक मिळाले. टक्कर नसती, तर ती शर्यत इतकी गाजली असती, असें कोण म्हणेल?

ह्या कोड्याचें उत्तर मला आपल्या रसशास्त्रांत सांपडतें. भरतमुनींनीं सांगितलेल्या रसांत वीर आणि अद्भुत आहेत, तसे करुण आणि भयानकहि आहेत. भयाचाहि आस्वाद घेतां येतो, परंतु केव्हां? तें भय स्वतःचें नसेल तेव्हां. अभिनवगुप्तांनीं रसास्वादाचीं विघ्नें सांगितलीं आहेत. स्वतःच्या सुखदुःखांत प्रेक्षक गुरफटून जाणें हें त्यांपैकीं एक. शर्यतीच्या प्रेक्षकाला हें तंतोतंत लागू पडतें. ह्या गाड्यांना खिडकीच्या जागीं एक जाळी असते. अपघातानंतर चालक शुद्धीवर व सुखरूप असेल, तर तो ती खालीं टाकतो. टक्कर होतांक्षणीं हजारों माणसें उठून उभीं राहतात, आणि त्यांचे डोळे त्या लहानशा जाळीवर खिळतात. ती खालीं पडली कीं, टाळ्यांचा कडकडाट होतो. ह्या समुदायाला मृत्यु हवा असता, तर त्यानें टाळ्या कशाला वाजविल्या असत्या? त्याला मृत्यूच्या तोंडांतून माणूस परत आलेला पाहावयाचा असतो. २०२० सालीं रायन न्यूमन ह्याची गाडी डेटोना येथें भयंकर रीतीनें उलटली, तेव्हां मैदानावर शांतता पसरली. दोनच दिवसांनीं तो आपल्या दोन मुलींचे हात धरून रुग्णालयांतून चालत बाहेर पडला, आणि तें चित्र पाहून देशभर लोकांना हायसें वाटलें. अर्नहार्ट गेल्यावर त्या सबंध वर्षांत प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीस लोक तीन बोटें वर करून मुकाट्यानें उभे राहत. हें क्रूर लोकांचें वर्तन नव्हे.

परंतु जें चाक जाळी ओलांडून येतें, तें प्रेक्षकाला रंगमंचावर ओढून नेतें. त्या क्षणीं रस संपतो, आणि उरतें तें खरें भय. म्हणून जाळी ही केवळ पोलादाची वस्तु नव्हे. खेळ खेळ म्हणून पाहतां येण्याची ती अट आहे. ती मजबूत ठेवण्याचें कर्तव्य तिकीट विकणाऱ्याचें आहे. ‘धोका पत्करून प्रवेश केला आहे’ अशी अट तिकिटावर बारीक अक्षरांत असते. ती मोठ्या माणसानें वाचली असें मानलें, तरी मांडीवर बसलेल्या मुलानें ती कोठें वाचली? २०१३ च्या अपघाताचें एका प्रेक्षकानें टिपलेलें चित्रण संस्थेनें प्रथम यूट्यूबवरून काढावयास लावलें. जखमींविषयीं आदर म्हणून तसें केलें, असें कारण तिनें दिलें, पण थोड्याच वेळांत यूट्यूबनें तें परत दाखविलें. जखमींच्या भावना जपणें योग्यच होय. तथापि जो अपघात लोकांत घडला, तो लोकांपासून झांकतां येत नाहीं, आणि झांकूंहि नये. कारण पाहिल्यावांचून सुधारणा होत नाहीं.

सुधारणा झाल्या, हेंहि सांगितलें पाहिजे. २००९ नंतर टॅलाडेगाची जाळी उंच करण्यांत आली. २०१३ नंतर डेटोनाच्या जाळींतील दारें पोलादी दोरांनीं अधिक भक्कम केलीं गेलीं. जुलै २०१५ मध्यें तेथेंच ऑस्टिन डिलन ह्याची गाडी पुन्हा जाळीवर आदळली. जाळी फाटली, पण गाडी मार्गावरच परत फेंकली गेली, आणि प्रेक्षकांच्या जखमा किरकोळ ठरल्या. डिलन बाहेर येऊन हात हालवूं लागला, तेव्हां ग्रँडस्टँडमधून मोठा जयघोष झाला. मात्र त्याच वर्षीं फेब्रुवारींत काइल बुश ह्याची गाडी तेथील मऊ आवरण नसलेल्या आंतल्या भिंतीवर आदळून त्याचा पाय मोडला होता, आणि भिंतीवर आवरण चढलें तें त्यानंतर. ह्या सर्व इतिहासांत हा क्रम पुनःपुन्हा आढळतो: आधीं हाडें मोडतात, मग भिंत मऊ होते, आधीं जाळी फाटते, मग जाळी उंच होते.

हा क्रम उलटविणें अशक्य नाहीं. सर्वांत स्वस्त उपाय अंतराचा आहे. जाळीला लागून असलेल्या पहिल्या कांहीं रांगा रिकाम्या ठेवल्या, तर तिकिटांचें उत्पन्न थोडें घटेल, परंतु उडालेला तुकडा माणसाऐवजीं रिकाम्या बाकावर पडेल. डेटोना येथें २०१३ च्या अपघातानंतर एका रात्रींत जाळी दुरुस्त झाली आणि दुसऱ्या दिवशीं मुख्य शर्यत ठरल्या वेळीं पार पडली. जी संस्था एका रात्रींत जाळी उभी करूं शकते, तिला चार रांगा रिकाम्या ठेवणें जड जाऊं नये. प्रेक्षक विश्वासानें येतो. तो घरीं सुखरूप परत जाईल एवढी व्यवस्था झाली, म्हणजे त्याच्या आवडीवर कोणी कितीहि टीका केली, तरी तिचें कांहीं विशेष वाटण्याचें कारण नाहीं.